लपवण्यासारखं काहीच नसलेल्या निष्कलंकरावांस

रा. रा. निष्कलंकराव यांस,


सोसायटीच्या सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला आपण सगळ्यांदेखत झापलंत, ते फार बरं केलंत. टॉर नावाचं ब्राउझर वापरते म्हणे! ‘सरळमार्गी माणसाला तोंड लपवायची गरजच काय?’ या आपल्या सवालावर निम्म्या सभेने माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी आल्यावर आपल्या काचेसारख्या आयुष्याबद्दल दोन-चार शंका आल्या. लपवण्यासारखं काही नाहीच, तर त्या चारचौघांतच विचारतो.

निवडणुकीत आपण मत देता ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदानाच्या गुप्ततेसाठी अख्खं कलम १२८ आहे, हे मान्य. पण ती सवलत आपल्यासारख्याने का घ्यावी? मेडिकलवाला वहिनींना पॅडचं पाकीट कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. ती पिशवी आपल्या घरून कधी परत गेल्याचं ऐकिवात नाही. आणि चिरंजीवांच्या बायोडेटात त्यांचा दमा लिहायचा राहिला, तो नजरचुकीने, असं मी धरून चालतो.

आता इंटरनेटचं बघू. आपल्या इमारतीत ते देतो कोण? एक तारखेला वसुलीसाठी दारात उभा राहणारा केबलवाला. रात्री अकराला आपण खोलीचं दार लावून मूळव्याधीच्या दवाखान्याची वेबसाइट उघडता. पानावर काय वाचलंत ते सहसा कुलूपबंद असतं, पण कोणत्या साइटवर गेलात ते त्याच्या यंत्रणेला दिसू शकतं. आपण म्हणाल, मी इन्कॉग्निटो लावतो. जरूर लावा. त्याने इतिहास पुसला जातो तो आपल्या मशीनवरचा, म्हणजे वहिनींपुरता. केबलवाल्याला आणि त्या वेबसाइटला आपण तिथे गेलात हे कळायचं ते कळतंच. याच प्रकारावरून गूगलवर अमेरिकेत २०२० साली खटला झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. नोंदी होत्या, म्हणून तर नष्ट करायच्या!

परवा व्याही आलेले असताना आपल्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात लागली. मी समोरच बसलो होतो. उशीखालचा रिमोट आपण ज्या चपळाईने काढलात, ती लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाला शोभणारी नव्हती.

नाव गुप्त ठेवलं की झालं, असंही कुणी म्हणेल. २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध संशोधकांसाठी म्हणून जाहीर केले. नावांच्या जागी नुसते क्रमांक होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका क्रमांकाचे शोध वाचत वाचत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका बाईंना हुडकून काढलं. बाईंनी कसलाही गुन्हा केला नव्हता. दुखणीखुपणी आणि कुत्रा, असल्या गोष्टी विचारल्या होत्या.

त्या मुलीच्या टॉरमागचं तंत्र निघालं कुठून? चोरबाजारातून नव्हे, अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून, १९९० च्या दशकात. आपली मागणी एकावर एक कुलपं लावून तीन संगणकांतून पाठवली जाते. हे संगणक जगभरचे स्वयंसेवक चालवतात. पहिल्याला आपण कोण ते कळतं, कुठे चाललात ते नाही. तिसऱ्याला कुठे ते कळतं, कोण ते नाही. मधल्याला दोन्ही नाही. केबलवाल्याला फार तर एवढंच कळेल की बाई टॉरवर आहेत.

यात एक पेच होता. हे जाळं एकट्या नौदलाने वापरलं, तर त्यातून निघणारा प्रत्येक निरोप ‘मी नौदलाचा’ अशी दवंडी पिटतच बाहेर पडणार. म्हणून ते सगळ्यांना खुलं करणं भाग होतं. लपणाऱ्याला साध्यासुध्या माणसांची गर्दी लागते. तीच गर्दी पत्रकाराला लागते, नवऱ्याच्या मारातून सुटका शोधणाऱ्या बाईला लागते, एचआयव्हीची तपासणी कुठे होते हे विचारायला लाजणाऱ्या तालुक्याच्या गावच्या पोरालाही लागते. गर्दी नसेल तर टॉर उघडणं हाच पुरावा ठरतो, आणि आपली सभा भरते. ती मुलगी त्यावर काय बघते ते मी विचारलेलं नाही. विचारणारा मी कोण?

चोरही टॉर वापरतात, खरं आहे. चोर मोबाइलही वापरतात. म्हणून आपण आपला मोडीत काढल्याचं दिसलं नाही. कायद्याचंच म्हणाल, तर टॉर वापरू नये असा कायदा देशात नाही. उलट २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. याचिका कोणाची होती? के. एस. पुट्टस्वामींची, म्हणजे उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींची. सरळमार्गीपणात ते आपल्याला हार गेले नसते.

टॉर हा काही सर्व रोगांवरचा अंगारा नव्हे. त्यात शिरून स्वतःच्या नावाने लॉगिन केलंत तर नाव कळणारच. पानं रडतखडत उघडतात, आणि काही साइट तर दारातूनच परत पाठवतात. तरीही विनंती अशी की आपणही अधूनमधून ते वापरावं. आंबेमोहोरचा भाव, गुडघेदुखी, पेन्शनची तारीख. आपले शोध जितके निरुपद्रवी, तितकी त्या गर्दीतली दाटी कामाची. आपल्यासारख्या निष्कलंक माणसाची खरी गरज तिथेच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला एक शेजारी

ता. क. सोबत कोरा कागद जोडला आहे. गेल्या सहा महिन्यांत इंटरनेटवर काय काय शोधलंत ते आपल्या हस्ताक्षरात लिहून सही करून द्यावं. जिन्यातल्या फलकावर लावायची जबाबदारी माझी. कागद कमी पडला तर निरोप पाठवावा.