नानाकृत तिकीटसंहिता

आमच्या नानांच्या पायाशी बसून मिळवलेली ही विद्या गरजूंसाठी खुली करत आहे. पहिले तत्त्व असे की, प्रवासाची तारीख आपण ठरवायची नसते, ती स्वस्ताईने ठरवायची असते. लग्नाला जायचे असेल तर वधूपक्षाशी बोलून पाहावे.

कलम 1. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. पूर्वी 120 होते, 1 नोव्हेंबर 2024 पासून निम्मे झाले. नानांनी हे मनावर घेतलेले नाही.

कलम 2. गाडीचे नाव नव्हे, नंबर वाचावा. 12 किंवा 22ने सुरू झाला की सुपरफास्ट. स्लीपरला माणशी 30 रुपये जादा. म्हणून कोल्हापूरहून नागपूरला 11039 महाराष्ट्र एक्सप्रेस. "तेवढ्याच पैशांत जास्त वेळ गाडीत बसायला मिळतं," हे त्यावरचे भाष्य. ते चालू असताना काकू खिडकीबाहेर बघतात.

कलम 3. तिकिटाचे तुकडे पाडू नयेत. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, म्हणून दोन तिकिटांपेक्षा एक सलग तिकीट स्वस्त पडते. शिवाय वाटेत उतरायची मुभा: 500 किलोमीटरच्या वर एकदा, हजाराच्या वर दोनदा, पहिला थांबा 500 ओलांडल्यावरच आणि मुक्काम दोन दिवसांपर्यंत. राजधानी-शताब्दीला हे लाड नाहीत. नाना जळगावला उतरतात, तिकिटावर रीतसर शेरा मारून घेतात आणि मेहुण्याकडे वांग्याचं भरीत खातात. पुढच्या गाडीतला बर्थ मात्र आपोआप मिळत नाही, खिडकीवर आधीच सांगावे लागते. तिथे नाना फॉर्मवर गाडी नंबर लाल शाईने लिहितात, काचेच्या फटीतून आत सरकवतात आणि कारकुनाला नियम समजावून सांगतात. मागून "आजोबा, आवरा की!" असे आले, तर पुन्हा पहिल्यापासून.

कलम 4. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचे 10 वाजता, बाकीचे 11 वाजता. महाग. कन्फर्म झालेले रद्द केले तर दमडी परत नाही. हे पाप नाना स्वतः करत नाहीत, भाच्याकडून करवून घेतात.

कलम 5. आरएसी: भाडे पूर्ण, बाक अर्धा. इलाज नाही.

कलम 6. "प्रवाशानं लवचिक असावं." प्रवासी म्हणजे आम्ही. साध्या गाड्यांचे भाडे वारावर बदलत नाही, पण शुक्रवारी वेटिंग लागते तिथे मंगळवारी जागा असते. म्हणून रजा आम्ही टाकायची. खालच्या बर्थचा ज्येष्ठ कोटा एका तिकिटावर एक-दोन माणसे असली तरच मिळतो, म्हणून नाना-काकूंचे तिकीट वेगळे. आम्ही कुठल्या डब्यात, हा प्रश्न संहितेबाहेरचा.

कधीकधी वैताग येतो. पण पुरुषांना साठीनंतर 40 टक्के सवलत असायची, ती मार्च 2020मध्ये बंद झाली आणि नानांची साठी भरली त्याच वर्षी. वयाचा दाखला लॅमिनेट करून तयार ठेवला होता बिचाऱ्यांनी. ते 40 टक्के आता आमच्याकडून वसूल होतात, तीस-तीस रुपयांनी.

कलम 7. रद्द करायचे तर लवकर करावे. गाडीची वेळ जवळ येईल तसे जास्त कापतात. नाना तिकीट रद्द करत नाहीत. मागच्या खेपेला अंगात ताप होता. गेले.