बिनबंदुकीचे शिकारी

१२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी भरतपूरच्या पाणथळीत एका दिवसात ४,२७३ पाखरं पाडली. नांदगाव खंडेश्वरला व्हाइसरॉय नाही, वन्यजीव कायद्यामुळे बंदुकीचा बारही नाही. तरी हिवाळ्यात तलावाकाठी पहाटेच गाड्या लागतात. हिरवे ठिपकेदार कपडे, तोफेएवढी लेन्स, सोबत अमरावतीच्या फ्लॅटमधला लॅब्रेडॉर. पाण्यात पडलेलं बदक अलगद तोंडात धरून आणायला घडवलेली ही जात. हा गडी चिखल दिसला की मालकाच्या तोंडाकडे पाहतो. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस निवांत बसलेले. मग आर्जव सुरू : ‘‘भाऊ, गोटा मारा नं एक, उडतानाचा फोटो पायजे!’’ कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राणी हाकणंही येतं, असं सांगितलं तर उत्तर तयार : ‘‘आमच्याजोळ बंदूक कुठं हाय?’’