पेंग्विन पाळलेले काका

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा कुठलंच सरकार पडलं नाही. क्रांतिकारक मात्र गल्लोगल्ली जन्माला आले. वय साधारण बासष्ट, बँकेतून निवृत्त, चष्मा कपाळावर आणि दहा-बारा वर्षांच्या संगणकावर अजून प्लॅस्टिकचं कव्हर. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती या संगणकात नाही. “धडधाकट वस्तू भंगारात घाला म्हणतात, लेकाचे!” असं म्हणून काका आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले आणि पेंग्विनच्या चिन्हाचं लिनक्स टाकून मोकळे झाले. आपल्याकडच्या बऱ्याच क्रांत्या अशाच काटकसरीतून होतात.

मोकळे झाले म्हणजे तसे नाहीच. इन्स्टॉल करताना ‘विंडोज पुसून टाकू?’ असाही पर्याय येतो. त्यावर काकांचा माउस क्षणभरही रेंगाळला नाही. त्यांनी ‘शेजारी टाका’ निवडलं आणि पाचशे जीबीतली चाळीस जीबी, पोटभाडेकरूला मागची खोली द्यावी तशी, लिनक्सला दिली.

तेव्हापासून संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर यादी येते. सगळ्यात वर लिनक्स, तळाशी विंडोज, आणि निवड करायला दहा सेकंद. घरातल्यांनी या साऱ्या तंत्रज्ञानाचं एकच सूत्र करून घेतलंय : “खालच्यात जा.” वीजबिल भरायचंय? खालच्यात जा. काकूंना मुळात ब्राउझर दोन्हीकडे सारखाच असतो हे ठाऊक नाही, आणि काकांनीही ते अजून पटवून दिलेलं नाही.

काका मात्र वरच्यात राहतात. म्हणजे सकाळी. टर्मिनल उघडतात, ‘सुडो’ लिहितात, पासवर्ड टाकतात. टाकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं कीबोर्ड गेला. आता तेच “याला म्हणतात सुरक्षितता” म्हणून पाहुण्यांना दाखवतात. अपडेट होतं, अक्षरं सरसर वर सरकतात आणि काका समाधानाने मागे रेलतात. त्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचत नाहीत. बँकेतही छापील अटी कोण वाचायचं?

साडेदहाला सोसायटीचं काम निघतं. हिशेब टॅलीत, ते खाली. सभेची नोटीस जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. वरच्यात उघडली तर ‘सन्माननीय सभासद’ऐवजी रोमन अक्षरांची नि चिन्हांची मिसळ दिसते. मग तीही खाली. फोटो विंडोजच्या ड्राइव्हवर. लिनक्समधून ते दिसतात, पण तिथे काही साठवता येत नाही, कारण ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज पुरतं बंद होतच नाही, नुसती डुलकी काढतं. काका दुपारपर्यंत खालीच असतात. तिथून ते विंडोजला जी नावं ठेवतात, ती ऐकण्यासारखी असतात.

खरी मजा घड्याळाची. लिनक्स संगणकाच्या आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. परिणामी सकाळी दहाला विंडोज उघडलं की कोपऱ्यात पहाटेचे साडेचार. हे एका कमांडने सुटतं, आणि ती काकांना पाठ आहे. पण ती चालवली तर समजावून सांगायला उरणार काय? “जागतिक वेळ आहे ती,” ते म्हणतात. “मग जेवायलाही जागतिक वेळेला या,” काकू म्हणतात.

लग्नकार्यात काका खुलतात. १९९१मध्ये हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने हौस म्हणून हे सुरू केलं, इथून गाडी निघते. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्सच आहे, जगातले अव्वल पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालतात, इथवर जिलेबी येते. यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. पंगतीत कुणीतरी विचारतोच, “मग तुमचा स्कॅनर का चालत नाही?” काका शांतपणे मठ्ठा मागतात.

दिवाळीला आयटीतला भाचा आला. त्याने चाळीस जीबी पाहिली, हसला आणि म्हणाला, “मामा, विंडोज उडवूया का? अर्ध्या तासाचं काम.” काका गंभीर झाले. बॅकअप घ्यावा लागेल म्हणाले. टॅलीचं बघावं लागेल, कमिटीला विचारावं लागेल. “पाडव्यानंतर बघू.”

कुठला पाडवा, हे भाच्याने विचारलं नाही.