टप सोडून बोला

आमच्या नंदनवनात गाडी ज्याची त्याच्या नावावर असते, पण तिच्या रंगावर हक्क सगळ्या गल्लीचा. आपल्या पांढऱ्या गाडीचा टप, दारांचे खांब आणि आरसे काळे करायचे, तेही रंग न मारता वरून व्हायनल चढवून, असं चिरंजीवांनी जाहीर केलं आणि संध्याकाळच्या आत हरकती दाखल झाल्या. पहिली अर्थातच समोरच्या काकाजींची.

"काळा टप? नागपुरात? त्याच्यावर तर्रीपोहे गरम करता का जी?"

हरकत उडवून लावण्यासारखी नव्हती. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ वर गेला होता. ३० मे २०२४ ला तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. तो यंत्राचा बिघाड होता, असं हवामान खात्यानं मागाहून सांगितलं. काकाजींना हा खुलासा मान्य नाही. त्यांच्या मते यंत्र ठणठणीत होतं, बिघाड नागपुरात होता.

चिरंजीव मला जगनाडे चौकाकडच्या एका रेडियमवाल्याकडे घेऊन गेले. मागच्या काचांवर 'आईचा आशीर्वाद' कापून चिकटवण्यात या माणसाची उमेदवारी झालेली. आता तो अख्ख्या गाड्यांना कातडं चढवतो. त्यानं दोन गुंडाळे पुढे टाकले. दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत. भावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

"हा लाटेल माल आहे भाऊ, अन् हा ओतेल."

मी दोन्ही चिमटीत धरून पाहिले. चादर असो की बादली, आमची पिढी माल जाडीवर घेते. इथं महागडा निघाला पातळ, जेमतेम पन्नास मायक्रॉनचा! स्वस्त तो कॅलेंडर्ड: गरम रुळांतून दाबून, ताणून काढलेला. महाग तो कास्ट: पातळ द्रव सपाट पृष्ठावर ओतून भट्टीत वाळवलेला. ताणलेल्याला आपलं जुनं माप आठवत राहतं. ऊन लागलं की तो मागे सरकतो, कडेला गोंदाची रेघ उघडी पडते आणि तिच्यावर धूळ येऊन बसते. मला हे पटायला वेळ लागला. घरी सौ.नं एका वाक्यात निकाल दिला, "लाटलेली पोळी तव्यावर आक्रसते, ओतलेलं धिरडं नाही आक्रसत. यात न समजण्यासारखं काय आहे?"

मग वाटाघाटी. आरशाच्या पाठीला दोन्ही बाजूंनी वळण, तिथं ओतीव मालाला पर्याय नाही. खांब उभे आणि सपाट, तिथं चांगल्या प्रतीचा लाटीव चालतो. टप आडवा, दिवसभर सूर्याकडे तोंड करून पडलेला. आडव्या भागांसाठी खुद्द कंपन्याच हमी कमी वर्षांची देतात, मग मी का धाडस करू? टप वगळला. बंपरच्या खालच्या खरबरीत काळ्या प्लॅस्टिकवर मात्र काहीच धड चिकटत नाही. आमच्या गल्लीत एकानं तो प्रयोग केलाय, त्याची गाडी महिनोन्‌महिने कात टाकते आहे. सगळी गाडी मढवावी म्हटलं, तर रंग आरसी बुकात नोंदलेला. म्हणजे एमएच ४९ च्या कार्यालयाची पायरी चढणं आलं. त्यापेक्षा उन्हाळा बरा.

आरशाचं काम बघण्यासारखं होतं. आधी साबण, मग स्पिरिटचा बोळा. मेणाचा अंशही नको. पंखा बंद, दार बंद, कारण धुळीचा एक कण आत गेला की त्याची पुळी होते. मग हीट गनची ऊब देत त्यानं व्हायनल आरशावर अलगद ओढलं आणि फेल्ट लावलेल्या पट्टीनं मधून कडेकडे हवा हाकलली. सुरकुती दिसली की न दाबता उचलायचं, पुन्हा ऊब द्यायची. शेवटी कडा शंभर अंशांच्या आसपास तापवून घ्यायच्या, म्हणजे ताणल्याची आठवण पुसली जाते. हे ऐकून काकाजी म्हणाले, "बंदुकीवर पैसे कायले घालता? मे महिन्यात या, फुकटात होते."

गाडी दारात आल्यावर काकाजींनी चष्मा पुसला, आरशाच्या कडेला नख लावून पाहिलं. नख अडकलं नाही. जरा हिरमुसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुकडा उरला असन तर द्या, माह्या स्कूटरच्या डिक्कीले लावतो."

मी आत जाऊन तुकडा आणला. त्यांनी तो चिमटीत धरला, उन्हात धरला, आणि खिशात घालण्याआधी विचारलं, "पण ओतेल आहे ना जी? लाटेल आपल्याले चालत नाही."