चाकापाशी काका

झाशीतल्या मराठी घरापुढे रविवारी सकाळी एका बाजूने उचललेली गाडी दिसली, की तिच्या चाकापाशी एक काका उकिडवे बसलेले असणारच. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, ही त्यांची तक्रार आणि तेच त्यांचं सुख. मिस्त्री चाक न काढताच ‘डिस्क टेढ़ी हो गई, बाबूजी’ असा निकाल देतो. काका तो मानत नाहीत. लोक याला चिक्कूपणा म्हणतात, पण हा आरोप टिकत नाही. चिक्कू माणूस थरथर सोसत गाडी हाकेल. पदरचे पैसे घालून डायल गेज आणणार नाही. काकांना व्यसन आहे ते मोजण्याचं, आणि ज्या गावात १८९५पासून रेल्वेचा कारखाना आहे, तिथे हे व्यसन घरात शिरलं तर नवल नाही.

शिवाय काकांचा संशय रास्त आहे. डिस्क पापडासारखी वाकडी होणं तसं दुर्मीळच. हबवर गंज राहिला, की त्यावर बसवलेली कोरी डिस्कही किंचित तिरकी फिरते, दर फेरीला त्याच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरांत कुठे जाड, कुठे पातळ होते. एवढ्या उपद्व्यापाला ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचा, केसाहून बारीक तिरकेपणा पुरतो. म्हणून काका आधी ग्वाल्हेर रस्त्यावर चक्कर मारतात. ब्रेक न दाबताही गाडी थरथरली तर दोष बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगचा. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हललं तर पुढच्या डिस्कचा, सीट हलली तर मागच्या ड्रमचा. मग कॅलिपर तारेने टांगायचा, हब ब्रशने घासायचा, डिस्क परत बसवायची आणि श्वास रोखून गेजची सुई बघायची. अशा वेळी चहा घेऊन आलेल्या काकूंनाही ‘गाडीला टेकू नकोस!’ एवढंच स्वागत मिळतं.

ब्रेक हा काय घरी करून बघायचा प्रयोग आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे, म्हणूनच काका नुसत्या जॅकच्या भरवशावर राहत नाहीत, खाली स्टँड लावतात, आणि ब्रेक ऑइलच्या नळीचं काम निमूटपणे मिस्त्रीकडे सोपवतात. पण अख्खा रविवार घालवून मिळवलं काय? कारण मिळवलं. पुष्कळदा ते असं निघतं, की चाकाचे नट कुणीतरी पान्यावर उभं राहून, मनाला येईल तसे आवळलेले असतात. हा ‘कुणीतरी’ गेल्या रविवारी स्टेपनी चढवताना कुठे उभा होता, हे काकूंना ठाऊक असतं. काका काही न बोलता नट सैल करतात, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क पाना ‘टक्’ करेपर्यंत आवळतात आणि वहीत नोंद करतात: ‘कारण: नट.’ आवळणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच गेजवर मोजता येत नसल्यामुळे लिहायचं राहून जातं.