एस.टी.च्या उजेडात कोकण

कोकणात उतरायचं म्हटलं की माझ्या मामाला ताम्हिणी नको, वरंधा नको, महाबळेश्वरावरून आंबेनळी तर मुळीच नको. त्याला कुंभार्ली घाटच हवा. कारण कुंभार्लीच्या पायथ्याला पोफळी आहे आणि पोफळीच्या डोंगराच्या पोटातल्या वीजघरात मामाची सगळी नोकरी झाली. त्यामुळे पुणे-चिपळूण हा प्रवास आमच्यात सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर असाच होतो, आणि तो मामाच्या निवेदनासह होतो. त्याला आवाज कमी करायचं बटण नाही.

गाडी माझी, पण तिच्या तोंडावरचे दिवे आधीच्या मालकाचे. जुनी गाडी घेताना माणूस इंजिन बघतो, टायर बघतो, विम्याचा कागद उजेडात धरून बघतो. आधीच्या मालकाची अभिरुची कोणी बघत नाही. या गृहस्थांनी दोन्ही हेडलाइटच्या वर पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या चिकटवून गाडीला भुवया काढल्या होत्या. किल्ली फिरवली की भुवया पेटणार. यांना डेटाइम रनिंग लाइट म्हणायचं, लाडाने डीआरएल. मूळ कल्पना थंड मुलखातली. जिथे हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं त्या स्वीडनने १९७७ सालीच दिवसा दिवे लावून गाडी चालवणं सक्तीचं केलं, आणि २०११ पासून युरोपातल्या नव्या मोटारींच्या मॉडेलांना हे दिवे कारखान्यातूनच यायला लागले. तिथे ते शहाणपणाचंच आहे. पण जेजुरीच्या माळावर डोक्यावर ऊन घेऊन जाताना आपण कोणाला दिसणार नाही अशी भीती आधीच्या मालकाला का वाटत होती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

कात्रज मागे पडलं आणि लोक मला हात करायला लागले. मूठ उघडायची, मिटायची, उघडायची. आपल्याकडे याचा अर्थ ‘लाइट चालू राहिलाय’. दुचाकींचा दिवा १ एप्रिल २०१७ पासून कारखान्यातूनच कायमचा चालू येतो, तरी रस्त्यावरच्या प्रेमळ माणसांनी ही समाजसेवा सोडलेली नाही. मी प्रत्येकाला हसून मान डोलावली. शिरवळच्या पुढे एक मोटारसायकलवाला बराच वेळ बाजूने आला आणि ओरडला, “डावा डोळा मारतीय तुमची गाडी!”

खाली उतरून बघितलं. डावी भुवई मलूल होती. इंडिकेटर दिला की ती त्याच्या तालावर मिचकत होती. मी बॉनेट उघडलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. बॉनेट उघडणं हा माझा आवडता विधी आहे. मी ते उघडतो, दांडी लावतो, कमरेवर हात ठेवतो आणि “हं” म्हणतो. या “हं”मध्ये अनेक छटा आणता येतात. गाडी गरम झाली असेल तर खालच्या पट्टीतला, आवाज येत असेल तर थोडा लांबवलेला. समोर मेकॅनिक असेल तर तो त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर यावा लागतो. एवढ्या वर्षांत कोणत्याही मेकॅनिकने मला अडाणी समजलेलं नाही, आणि कोणतीही गाडी माझ्या “हं”मुळे दुरुस्त झालेली नाही.

“मामा, बघतोस का जरा? तू विजेचा माणूस.”

मामा काच खाली न करता म्हणाला, “मी दोनशेवीस के.व्ही.वर काम केलंय. हे बारा व्होल्ट म्हणजे वीज नव्हे.”

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. अजिंक्यतारा जागेवर होता.

उंब्रजला हायवे सोडला आणि चहाच्या टपरीच्या सावलीत हेडलाइट लावून पाहिले. भिंतीवर दोन पिवळसर डाग पडले. डॅशबोर्डवर मात्र नवीनच गंमत होती. अपर बीमचा निळा दिवा, जो मी लावलाच नव्हता, तो मंद जळत होता. टपरीशेजारीच एक गॅरेज होतं. मेकॅनिकने पाच सेकंदांत निदान केलं. “बल्ब गेलेत.”

“दोन्ही एकदम?”

“जातात की.”

“हं,” मी म्हणालो.

बल्ब एच-फोर जातीचे. एकाच काचेत दोन तारा असतात, अपरची ६० वॉटची आणि डिपरची ५५ वॉटची, आणि तीन पाय. तिसरा पाय दोघींचा सामाईक, परतीचा. काच क्वार्ट्झची असते. तिला बोटाचं तेल लागलं तर तापल्यावर नेमकं तिथेच जास्त तापून बल्ब लवकर जातो. हे सगळं मला गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातून पाठ आहे. मेकॅनिकने ग्रीसच्या हाताने दोन्ही बल्ब बसवले. बसवताना त्याने वायरिंगचा गुच्छ जोरात हलवला आणि उजेड लख्ख पडला. तो माझ्याकडे बघून हसला. मी पैसे दिले.

पाटणपर्यंत तो उजेड टिकला.

पाटणचा मेकॅनिक जास्त शिकलेला होता, कारण त्याने उंब्रजच्या मेकॅनिकला नावं ठेवली. “बल्बचा काही संबंध नाही. रिले.” रिले बदलला. मग फ्यूजचा डबा उघडून त्याने दहा अँपिअरचा लाल फ्यूज काढला आणि तिथे पिवळा, वीसचा, लावायला घेतला. इतका वेळ गाडीत बसून पेढे खाणारा मामा दार उघडून थेट बॉनेटपाशी आला.

“ठेव तो खाली.”

“आजोबा, दहाचा उडतोय म्हणून—”

“उडलाय का? बघ तार. शाबूत आहे ना? मग का बदलतोस? आणि उडला तर उडू दे. फ्यूजचं काम मरायचं आहे. तो मेला नाही तर वायर पेटते. वीस घालून तू गाडी जाळशील माझ्या भाच्याची.”

मेकॅनिकने लाल फ्यूज परत लावला. या झटापटीत पुन्हा कुठेतरी धक्का बसला असावा, कारण दिवे पेटले. भुवयासुद्धा दोन्ही. मामा विजयी मुद्रेने पेढ्यांकडे परतला आणि बारा व्होल्टमध्ये पुन्हा लक्ष घालायचं नाही म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

तोवर ऊन कलायला लागलं होतं. हंगाम उसाचा, म्हणजे रस्त्यावर राज्य ट्रॅक्टरचं. एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर दोन्ही बाजूंना हातभर लोंबणारा ऊस, आणि मागे दिवा म्हणाल तर काही नाही. साखर कारखान्याचं नाव ठळक रंगवायला जागा असते, रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला नसते. आणि त्याच रस्त्यावर समोरून येणाऱ्या निम्म्या गाड्यांनी दुकानातून आणून पांढरे-निळे एलईडी ठोकलेले. ज्या हेडलाइटचा आरसा तारेच्या बल्बसाठी घडवलाय त्यात हा एलईडी खुपसला की उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत पसरतो. ज्याच्या मागे दिवा हवा त्याच्याकडे तो नाही, आणि ज्याच्याकडे आहे तो जन्मजात अपरवर. या दोघांच्या मधून, मिचकणाऱ्या भुवयांची गाडी घेऊन, मी चाललो होतो. मला त्या दिवशी माणसांचा जितका राग आला तितका निवडणुकीतही येत नाही.

कोयनानगरला धरण दिसलं. मामाने डोळे उघडून हात जोडले आणि आकडे सुरू केले. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. पैकी पोफळीचे पहिले दोन टप्पे मिळून ६००. पाणी खरं म्हणजे पूर्वेला, कृष्णेकडे जाणारं, ते सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला वळवून खाली टाकलं, म्हणून ते आता वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. “नदीला उलटं फिरवलं आम्ही,” मामा म्हणाला. धरण बांधलं तेव्हा तो जन्मला असेल-नसेल, पण वीज मंडळातली माणसं ‘आम्ही’ असंच म्हणतात.

आणि कुंभार्लीच्या ऐन वळणांत दिवे गेले.

एकदम नाही. तांबूस होत होत गेले. अपर मारून पाहिला, तोही तसाच. भुवया विझल्या. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने गाडीचे दिवे लागलेच पाहिजेत असा मोटार वाहनांचा नियम आहे. आमच्या गाडीने तो उलटा पाळला. कशीबशी कडेला घेतली. मागचे इंडिकेटर तेवढे ठणठणीत होते, ते चारही-बत्तीवर टाकले. बॉनेट उघडलं. काहीही दिसत नव्हतं. तरी मी “हं” म्हणालो.

मामा शेजारी येऊन उभा राहिला. “दोन बल्ब, पंचावन्न-पंचावन्न. एकशेदहा वॉट. खाली पोफळीत सहाशे मेगावॉट आहेत. चोपन्न लाख गाड्यांचे दिवे लागतील.”

“त्यातली एक लाव ना.”

तेवढ्यात वळणावरून एक निळा-पांढरा झोत आला. काही सेकंद मला मामा, गाडी, डोंगर, काही म्हणजे काही दिसलं नाही. झोत गेल्यावर अंधार आणखी गडद झाला. मामा कठड्याला हात टेकून गप्प उभा होता. मग म्हणाला, “भूकंपाच्या रात्री असाच होता.”

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार-सव्वाचारची वेळ. कोयनानगर पडलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मामा तेव्हा सात वर्षांचा होता आणि तिथल्याच कॉलनीत राहत होता, हेही माहीत होतं. पण सहाशे मेगावॉटच्या निवेदनात हा भाग कधी आलेला नव्हता.

“आम्ही पोरं बाहेर अंगणात. कोणाचं तोंड दिसेना. बाबांकडे बॅटरी होती, कामावरची. त्यांनी एकेकाच्या तोंडावर मारली. नाव नाही घेतलं कुणाचं. नुसती मारली, मोजलं, आणि बंद केली. सेल संपतील म्हणून.”

मी काही बोललो नाही. “हं”सुद्धा नाही.

“नंतर रडले,” मामा म्हणाला. “अंधारातच.”

मागून घरघर ऐकू आली. कराडहून चिपळूणला निघालेली एस.टी. ड्रायव्हरने गाडी आमच्या शेजारी उभी केली, खिडकीतून डोकं काढलं, अंधारात उघडलेलं बॉनेट पाहिलं आणि विचारलं, “लाइट गेली?” मी हो म्हणालो. “या मागून. ब्रेक बघून चला. मी हळू घेतो.”

एस.टी. हळू म्हणजे किती हळू असते ते मला त्या रात्री कळलं, आणि मी महामंडळाविषयी आजवर जे जे बोललो ते सगळं मनातल्या मनात अर्धं मागे घेतलं. पुढे तिचे लाल दिवे, मागे आमचे उघडझाप करणारे इंडिकेटर. मागच्या काचेतून एक आजी आमच्याकडे टक लावून बघत होती. प्रत्येक वळणानंतर आम्ही आहोत ना याची खात्री करत होती. एका थांब्यावर दोन बायका उतरल्या, आम्हीही थांबलो. कंडक्टर खाली आला, माझ्या खिडकीपाशी वाकला आणि म्हणाला, “दोन फुल ना? आजोबांना सवलत आहे, आधार कार्ड काढा.” मामाने खरोखर पाकिटात हात घातला.

पोफळीला नाक्यावर वायरमनचं छोटं दुकान उघडं होतं. एस.टी.ने हॉर्न दिला आणि ती पुढे गेली. ड्रायव्हरचं तोंडसुद्धा मी धड पाहिलं नाही.

वायरमन पोरगेला होता. त्याने बल्बला हात लावला नाही, फ्यूजला नाही, रिलेला नाही. विचारलं, “काका, निळा दिवा मंद लागतो का?”

“लागतो.”

“इंडिकेटरबरोबर डीआरएल उडतो?”

“उडतो.”

त्याने एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, दुसरं हेडलाइटच्या कनेक्टरमध्ये तिसऱ्या पायाला टेकवलं. समोरच्या भिंतीवर उजेड आदळला. दुकानातली पाल पळाली.

“अर्थिंग,” तो म्हणाला.

“अर्थिंग,” मामाही म्हणाला, त्याच्या आधी अर्धा सेकंद. असं मामाचं म्हणणं आहे.

बॅटरीच्या ट्रेखाली एक बोल्ट होता. हेडलाइट, पुढचे इंडिकेटर, सगळ्यांच्या परतीच्या वायरा त्याच्याखाली गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या. आधीच्या मालकाच्या कारागिराने भुवयांची वायर त्याच बोल्टखाली, रंगावरच दाबून बसवली होती. बोल्ट सैल राहिला, खाली गंज चढला. बल्बकडे वीज पोचत होती, पण परत बॅटरीकडे जायची वाट बंद. मग ती मिळेल त्या वाटेने निघते. डिपरच्या तारेतून अपरच्या तारेत घुसते, म्हणून न लावलेला निळा दिवा मंद पेटतो. इंडिकेटरच्या बल्बातून मागे पळायला बघते, आणि इंडिकेटर लागला की तीही वाट बंद, म्हणून भुवई मिचकते. गुच्छ हलला की बोल्ट क्षणभर टेकत होता. उंब्रजचा आणि पाटणचा उजेड तो असा.

पोराने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, वायरा परत आवळल्या, वर व्हॅसलीन फासलं. शंभर रुपये घेतले. भुवया काढून टाकायला सांगितल्या तर म्हणाला, “असू दे काका, छान दिसतात.” मी कापायलाच लावल्या. मामा तेवढ्यात रस्त्यापलीकडे वीजघराच्या दिशेला तोंड करून उभा राहून आला. पुढे चिपळूणपर्यंत त्याने एकही आकडा सांगितला नाही.

दोन्ही हेडलाइट एकाच वेळी मंदावले तर बल्ब विकत घेऊ नका. आधी अर्थिंगचा बोल्ट बघा. आणि कुंभार्लीच्या वळणावर त्या संध्याकाळी निळा-पांढरा झोत टाकत वर गेलेली गाडी ज्यांची असेल, त्यांना एक विनंती आहे. समोर कोणी दिसलं की डिपर द्या. बहुतेक गाड्यांत त्याची दांडी स्टिअरिंगच्या उजव्या हाताला असते, आणि ती वापरायला पैसे पडत नाहीत.