लूप लाइनवर बसलेले

अलिबागला रेल्वे नाही असं कुणी म्हटलं की खरा अलिबागकर लगेच दुरुस्ती करतो. रेल्वे आहे, माणसाला बसायची सोय तेवढी नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आलेले आहेत. त्यांवरून युरिया ऐटीत जातो आणि आपण एसटीत बसून वडखळच्या नाक्यावर खोळंबतो. प्रवासी गाडीची घोषणा मात्र होत असते आणि ती निवडणुकीच्या वेळापत्रकाला बांधलेली असल्यामुळे कधी लेट होत नाही.

आमचं हे नशीब तसं जुनं आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय सुया तिच्यामुळे बिथरणार हे जाणत्यांच्या लक्षात आलं. म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली, आणि तिच्या बांधकामात लोखंड टाळलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. म्हणजे आमच्या गावाची निवडच मुळी गाडीपासून लांब म्हणून झाली. त्याच १९०७ साली आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू व्हावी, याला काय म्हणायचं?

अशा ठिकाणी ज्याला गाडीचं वेड असतं, त्याला ती घरीच करावी लागते.

आमच्या कंपाउंडरकाकांनी ती केली आहे. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर सुपारीच्या वाडीत त्यांचं घर आहे. त्याच्या माळ्यावर, जिथे पूर्वी नारळ आणि पागोळीची कौलं ठेवत, तिथे आता एक स्टेशन, दोन बोगदे, एक खाडी आणि खाडीवरचा पूल आहे. काका सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले ते थेट पुण्याला गेले आणि कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून आले. जर्मनीत वगैरे लोक असला छंद करतात हे ऐकणं वेगळं आणि एका मराठी माणसाने ते करून दाखवलेलं बघणं वेगळं. परत आले ते प्लायवूड घेऊनच.

माळ्यावरच्या या गाडीच्या मंडळाचे बाकीचे सभासद म्हणजे कोकण रेल्वेतून निवृत्त झालेले एक स्टेशनमास्तर, आयटीआय झालेला शेजारचा पोरगा आणि मी. माझं काम कौतुक करणं आणि पडलेला स्क्रू शोधणं. वहिनी सभासद नाहीत, पण त्यांच्या परवानगीशिवाय गाडी सुटत नाही, कारण पंख्याचं आणि गाडीचं बटण एकच आहे.

या छंदातलं माप एचओ, म्हणजे सत्याऐंशीस एक. या मापाने रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे, ७४१ किलोमीटरची, अख्खी मांडायची तर साडेआठ किलोमीटर रूळ लागेल. साधारण अलिबाग ते नागाव. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पंचाहत्तर मीटरचा होईल आणि पानवळचा ६४ मीटर उंच पूल वहिनींच्या कमरेच्या जरा खालपर्यंत येईल. पण खरी मेख रुळांत आहे. बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंद, आणि ते युरोपातल्या रुळांचं माप. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, तिला या हिशेबाने सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. त्यामुळे भारतातल्या बहुतेक मॉडेलच्या गाड्या पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून धावतात. मास्तरांना हे इतकं लागतं की गाडी सुरू झाली की ते रुळांकडे न बघता डब्यांच्या टपाकडे बघतात.

त्यात समुद्रकाठचं घर. खारी हवा रुळांवर बसते, रूळ काळे पडतात आणि इंजिन बोगद्यात शिरून तिथेच बसतं. मग काका स्पिरिटमध्ये कापूस बुडवून रूळ पुसतात. माळ्यावर इंजेक्शनचा वास इतका भरून राहिलेला असतो की वाडीतली पोरं गाडी बघायला वर येतात ती दंडावर हात धरूनच.

काकांच्या माळ्यावर दवाखाना असा सगळीकडे आहे. सह्याद्री प्लास्टरचा आहे. तारेच्या जाळीवर वर्तमानपत्राचे बोळे, त्यांवर प्लास्टरची पट्टी पाण्यातून काढून निथळून अंथरायची, कडांना बोटाने चोळायची. पाच मिनिटांत डोंगर धरतो. आंब्यावरून पडलेल्या दोन पिढ्यांचे हात ज्यांनी डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून बांधले, त्यांना हे शिकवावं लागलं नाही. खडी बसवायची तर आधी सुकी खडी दातांच्या ब्रशने स्लीपरांमध्ये सारायची, मग फेव्हिकॉल आणि पाणी अर्धंअर्धं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि हे मिश्रण सुई काढलेल्या सिरिंजने खडीत टिपं टिपं सोडायचं. साबण नसेल तर थेंब खडीवर गोळी होऊन बसतो, आत उतरत नाही. हे करताना काका रुळाला हळूच म्हणतात, "झालं हं, झालं." चाळीस वर्षांची सवय. सरकारी दवाखान्यातून रिकाम्या खोक्यांखेरीज एक वस्तू घरी आणलेली नाही, हे ते विचारलं नसतानाही सांगतात. प्लास्टर, सिरिंज, स्पिरिट सगळं मेडिकलमधून, बिलासकट.

खडीवरून एकदा गंमत झाली. पोरट्याने पैसे वाचवायला आमच्या किनाऱ्यावरची काळी वाळू चाळून आणली. दिसायला अगदी बरोबर. गाडीने दोन फेऱ्या मारल्या आणि कुरकुरत थांबली. इंजिन उघडलं तर मोटरच्या चुंबकाला वाळूची दाढी फुटलेली. आमच्या काळ्या वाळूत लोहाचे कण असतात, चुंबक फिरवला की उभे राहतात. मास्तर म्हणाले, "आधी वेधशाळेत नेऊन विचारायचंस की रे."

आता खरं सांगायचं तर माळ्यावर गाडीबद्दल बोलणं पहिली पंधरा मिनिटं होतं. साठी ओलांडलेली तीन माणसं एकत्र बसली की विषय गुडघ्यावर येतो, गुडघ्यावरून बीपीवर आणि तिथून सरकारी दवाखान्यावर. मास्तरांना दर महिन्याला गोळ्यांसाठी जावं लागतं. पूर्वी केस पेपरला पैसे पडत, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळंच मोफत झालं. रांग मात्र तेवढीच राहिली. मास्तरांच्या मते ती वाढली, कारण पूर्वी न येणारेही आता येतात. ही तक्रार आहे की कौतुक, हे त्यांनाही सांगता येत नाही.

पण त्या रांगेत न चिडणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे मास्तर. एकदा मी बरोबर गेलो होतो. आमचा नंबर आला आला म्हणेपर्यंत कोळीवाड्यातल्या एकाला दोघांनी धरून आणलं. पाकटाने पायात काटा मारला होता. त्याला सरळ आत घेतलं, नर्सबाईंनी सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवला आणि ओरडणं हळूहळू कण्हण्यावर आलं. तो बाहेर पडतो तोच बाळंतीण आली. मग कुत्रा चावलेली दोन पोरं आली, त्यांचा सातव्या दिवसाचा डोस होता. रांगेतला एक गृहस्थ उसळला, "आम्ही काय इथे वेडे म्हणून बसलोय?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "अहो, सिंगल लाइन आहे. आपण लूपवर आहोत."

त्यांनी मग मला परतीच्या रिक्षात सगळं समजावलं. रोहे ते वीर २०२१ साली दुहेरी झालं, पण पुढे अजून बहुतेक एकच रूळ. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात लूप लाइनवर घ्यायचं आणि दुसरीला मेन लाइनने काढायचं. वंदे भारतसाठी दिवा पॅसेंजर थांबते. आतल्या माणसाला वाटतं, आपल्याला कुणी विचारत नाही. वस्तुतः केबिनमध्ये बसलेला माणूस त्याचाच विचार करत असतो, याला किती वेळ ठेवता येईल याचा. दवाखान्यात डॉक्टर एक, म्हणजे रूळ एक. विंचू, बाळंतीण, फेफरं या मेलगाड्या. बीपी आणि गुडघे मालगाडी. "मी तीस वर्षं लोकांना लूपवर बसवलं," मास्तर म्हणाले, "आता माझी पाळी."

हे मला पटलं, पण पूर्ण नाही. स्टेशनात निदान भोंगा तरी असतो. गाडी का थांबली, किती वेळ थांबेल हे तो चुकीचं का होईना पण सांगतो. दवाखान्याच्या बाकावर कुणी काही सांगत नाही. आत कोण गेलं, का गेलं, बाहेरच्याला फक्त दार मिटताना दिसतं. माणूस थांबायला तयार असतो, त्याला फुकट थांबवलेलं नाही एवढं कळलं तरी पुरतं. सरकारी दवाखान्यावरचा अर्धा राग औषधांवरचा नाही, या गप्प दारावरचा आहे असं माझं मत आहे.

काकांना मात्र आमचं रेल्वेशास्त्र वरवरचं वाटतं. "तुमच्या लूपवर गाडी तरी असते," ते म्हणतात. "आमच्याकडे कितीदा इंजिन असायचं आणि ड्रायव्हरचं पद रिक्त. एक्स-रे मशीन आलंय, काढणारा नाही. काढणारा आला तर फिल्म नाही." तेवढ्यात पोरगा आठवण करून देतो की माळ्यावरचं निळं इंजिनही दिवाळीपासून उभं आहे, त्याचा डिकोडर, म्हणजे इंजिनातला हुकूम ऐकणारा भाग, परदेशातून यायचा आहे. मग काका जरा गप्प होतात.

काका उमेदीत महाडच्या बाजूला होते. त्या भागात तेव्हा लाल विंचवाचा दंश म्हणजे घरचे रडायला लागायचे. माणूस घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, मग छाती भरते आणि तोंडाला फेस येतो. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर या रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून टिपणं काढत होते. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध इथे चालतं हे त्यांनी दाखवलं, त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि विंचवाने मरणं फार कमी झालं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काका हे सांगतात तेव्हा सिरिंज खाली ठेवतात. कपाटातली बीपीची गोळी विंचवाला लागू पडली, आणि ती कुठल्या मोठ्या कॉलेजात नाही तर सरकारी केंद्रातल्या लोखंडी खाटेशेजारी, याचा त्यांना आपल्या निवृत्तिवेतनाहून जास्त अभिमान आहे.

गाडी आणि दवाखाना यांचं लग्न तसं खरोखरीच लागलेलं आहे. जीवनरेखा एक्सप्रेस ही रुळांवरची रुग्णालयाची गाडी १९९१ पासून देशभर फिरते. इम्पॅक्ट इंडिया या संस्थेने रेल्वेच्या मदतीने ती सुरू केली. ती एखाद्या लहान स्टेशनात जाऊन उभी राहते, डब्यातच शस्त्रक्रियेची खोली, आणि मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ, पोलिओचे वाकडे पाय यांवर फुकट शस्त्रक्रिया होतात. काकांनी तिचं मॉडेल करायला घेतलं तेव्हा सगळ्यांत खूश झाला तो पोरगा. ही गाडी धावत नाही, साइडिंगला उभी राहते. म्हणजे घसरायची नाही, डिकोडर नको, रुळाची रुंदी कुणी मोजणार नाही.

तिच्या शेजारी आता प्राथमिक आरोग्य केंद्र उभं राहिलं आहे. औषधाच्या खोक्याचं, पिवळ्या भिंती, लाल कौलं. अडचण आली ती रांगेची. या मापातली माणसं दोन सेंटिमीटरची आणि बहुतेक जर्मन बनावटीची. सगळ्यांच्या अंगात ओव्हरकोट, डोक्यावर हॅट, हातात सूटकेस. एकाच्या खांद्यावर बर्फात घसरायच्या पट्ट्या होत्या. रायगडच्या किनाऱ्यावर, मे महिन्यात, केस पेपरच्या खिडकीपाशी ही मंडळी! वहिनींनी शेवटी नेलपॉलिश काढलं. ओव्हरकोटांच्या साड्या झाल्या, एका हॅटची कोळणीची पाटी झाली, पट्ट्यांची वल्ही झाली. सूटकेसवाला तसाच ठेवला. मुंबईहून आईला बघायला आलेला मुलगा म्हणून तो खपतो.

गेल्या महिन्यात पोरट्याने प्लायवूडखाली छोटा स्पीकर बसवला, स्टेशनातल्या घोषणांसाठी. माझ्या भोंग्याच्या मताला मान देऊन तो ठरावाने दवाखान्यापाशी हलवला. मास्तरांनी मजकूर लिहून आणला आणि खणखणीत आवाजात वाचला, "कृपया इकडे लक्ष द्या. दवाखान्यात बाळंतीण आल्यामुळे रक्तदाब व गुडघे पुढील सूचनेपर्यंत लूप लाइनवर थांबतील. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

वहिनी खालून चहा घेऊन येत होत्या. जिन्यातच थांबून म्हणाल्या, "पोर व्हायचंय आणि दिलगीर कसले होताय?"

मास्तरांनी आयुष्यभर म्हटलेलं ते वाक्य खोडलं. आता बाळंतीण आल्याचं तेवढं सांगून स्पीकर थांबतो. पुढे मुलगा सांगायचा की मुलगी यावर मतदान झालं, ते दोन विरुद्ध दोन सुटलं, आणि वहिनी सभासद नसल्यामुळे त्यांना विचारता येत नाही.